तीळ वेगळा दिसतोय, पुढे काय? अटिपिकल तीळ आणि मेलॅनोमाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हा मेलॅनोमा, म्हणजे कातडीतल्या रंगपेशींचा कॅन्सर, तर नाही ना, अशी तिळाची शंका घेऊन ओपीडीत येणारे लोक साधारण दोन प्रकारचे असतात. काहींची पाठीवरच्या चाळीस-पन्नास तिळांमुळे झोप उडालेली असते. काही जण तळपायावरचा काळा डाग कुरूप समजून महिनोन् महिने त्यावर पट्ट्या लावत बसलेले असतात. पहिल्यांची भीती बहुतेक वेळा वाजवीपेक्षा जास्त असते, दुसऱ्यांची फारच कमी. इंटरनेटवरची बरीचशी माहिती गोऱ्या कातडीवरच्या अनुभवातून आलेली आहे. ती आपल्याकडे जशीच्या तशी लावली की असे दोन्हीकडून घोटाळे होतात.

अटिपिकल तीळ म्हणजे नेमका कसला तीळ?

साधा तीळ एकाच रंगाचा, गोल किंवा लंबगोल असतो आणि त्याची कड स्वच्छ असते. अटिपिकल तीळ सहसा ५ मिलिमीटर किंवा त्याहून मोठा असतो आणि त्याचा थोडा तरी भाग सपाट असतो. त्याची कड कुठे संपली ते सांगता येत नाही, ती आजूबाजूच्या कातडीत विरत जाते. एकाच तिळात तपकिरीच्या दोन-तीन छटा दिसतात, कधी गुलाबी झाकही असते. मधे किंचित उंचवटा आणि भोवती सपाट कडं, हे त्याचं अगदी नेहमीचं रूप. पाठ, छाती, पोट या त्याच्या आवडत्या जागा.

सावळ्या कातडीवर ती गुलाबी झाक दिसतच नाही आणि छटांमधला फरकही पटकन कळत नाही. त्यामुळे फोटोशी तुलना करून घरी निदान करायला जाऊ नका. परदेशी वेबसाइटवरचा फोटो आणि तुमची पाठ यांचं जुळायचं नाही.

रिपोर्टमध्ये ‘डिस्प्लास्टिक नीव्हस’ लिहिलंय. हे तेच का?

नीव्हस म्हणजे तीळच. जवळपास तेच, पण शंभर टक्के नाही. अटिपिकल हे डोळ्यांना दिसतं त्यावरून ठरतं आणि डिस्प्लास्टिक हे सूक्ष्मदर्शकाखाली. वरून वेडावाकडा दिसणारा तीळ आत अगदी साधा निघू शकतो, आणि उलटही होतं.

गोष्ट सुरू झाली १९७८ मध्ये. अमेरिकेतले पॅथॉलॉजिस्ट वॉलेस क्लार्क आणि त्यांचे सहकारी काही कुटुंबांचा अभ्यास करत होते. तिथे मेलॅनोमा पिढ्यान् पिढ्या दिसत होता आणि घरातल्यांच्या अंगावर मोठे, अनियमित तीळ भरपूर होते. दोन कुटुंबांच्या आद्याक्षरांवरून त्यांनी त्या तिळांना ‘बी-के मोल’ म्हटलं. पुढे डिस्प्लास्टिक नीव्हस हे नाव रुळलं. १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या बैठकीने ते नाव सोडून द्यावं असं सुचवलं. पॅथॉलॉजिस्टनी ते काही सोडलं नाही. म्हणून आजही डॉक्टर एक शब्द वापरतात आणि रिपोर्टवर दुसरा असतो, आणि रुग्णाला वाटतं आपल्याला दोन आजार आहेत.

म्हणजे हा कॅन्सरच्या आधीची पायरी आहे का?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि सगळ्यात जास्त गैरसमजही इथेच.

तीळ म्हणजे रंग तयार करणाऱ्या पेशींचा, मेलॅनोसाइटचा, पुंजका. गंमत अशी की साध्या, निरुपद्रवी तिळातल्या पेशींतही बऱ्याचदा जनुकातला एक बदल सापडतो. तो बीआरएएफ नावाच्या जनुकात असतो. मेलॅनोमाच्या बऱ्याच गाठींत हाच बदल असतो हे २००२ मध्ये कळलं, आणि पुढच्याच वर्षी साध्या तिळांतही तो दिसला. मग सगळ्या तिळांचा कॅन्सर का होत नाही? या बदलामुळे पेशी काही काळ भराभर वाढतात आणि नंतर त्यांची वाढ थांबवणारी प्रथिनं कामाला लागतात. पेशी जिवंत राहतात, पण विभागत नाहीत. तीळ एका आकाराला येऊन वर्षानुवर्षं तसाच राहतो तो यामुळे. मेलॅनोमा व्हायला ही थांबवणारी यंत्रणाही बिघडावी लागते, आणि आणखीही काही बदल व्हावे लागतात.

अटिपिकल तिळांपैकी बहुतेक सगळे आयुष्यभर तिळच राहतात, काही तर वयानुसार फिके होत जातात. मेलॅनोमा झालेल्या लोकांकडे पाहिलं, तर साधारण दहातल्या सातांना तो आधी तीळ नसलेल्या, कोऱ्या कातडीवर झालेला असतो. मग अटिपिकल तिळांचा मेलॅनोमाशी संबंध काय? संबंध आहे आणि तो चांगला पक्का आहे, पण तो माणसाशी आहे. ज्याच्या अंगावर असे तीळ पुष्कळ, त्याच्या कातडीत मेलॅनोमा होण्याची प्रवृत्ती जास्त. तो त्या तिळात होईल किंवा हातभर लांब, जिथे काहीच नव्हतं तिथे होईल. एका तिळाकडे बोट दाखवून ‘हा उद्या कॅन्सर होणार’ असं म्हणायला आधार नाही.

आकड्यांत सांगा. धोका किती?

अमेरिकेतल्या आकडेवारीवर २००३ मध्ये एक हिशेब मांडला गेला. वीस वर्षांच्या माणसाच्या अंगावरचा कुठलाही एक तीळ घेतला, तर त्या तिळाचा वयाच्या ऐंशीपर्यंत मेलॅनोमा होण्याची शक्यता पुरुषांत सुमारे ३,१६४ मध्ये एक आणि स्त्रियांत सुमारे १०,८०० मध्ये एक. हे मुख्यतः गोऱ्या लोकांचे आकडे आहेत, हे लक्षात घ्या.

आता माणसाचा धोका. २००५ च्या एका मोठ्या एकत्रित विश्लेषणात एकही अटिपिकल तीळ नसलेल्यांच्या तुलनेत पाच असलेल्यांना मेलॅनोमाचा धोका सहा पटींहून थोडा जास्त आढळला. अंगावर एकूण तीळ शंभराच्या वर असतील, तर पंधरापेक्षा कमी तीळ असलेल्यांच्या तुलनेत धोका जवळपास सात पट. एखादाच अटिपिकल तीळ असेल तर वाढ याहून बरीच कमी.

पण पट ऐकून घाबरण्याआधी मूळ आकडा किती ते विचारावं. अमेरिकेत गोऱ्या माणसाला आयुष्यात मेलॅनोमा होण्याची शक्यता सुमारे तीन टक्के धरतात, कृष्णवर्णीयांत ती ०.१ टक्का. भारतात एकूण कॅन्सरमध्ये मेलॅनोमाचा वाटा एक टक्क्याहूनही कमी आहे. लहान आकड्याची सहा पट म्हणजे बऱ्याचदा लहानच आकडा.

मग आपल्या लोकांना मेलॅनोमा होतच नाही, असं समजायचं का?

होतो. फक्त तो वेगळ्या जागी होतो आणि म्हणून उशिरा सापडतो.

सावळ्या आणि काळ्या कातडीत मेलॅनोमाचं मोठं प्रमाण तळपाय, तळहात आणि नखांखाली दिसतं. याला अॅक्रल मेलॅनोमा म्हणतात. उन्हाशी त्याचा संबंध जवळपास नाही आणि पाठीवरच्या अटिपिकल तिळांशीही फारसा नाही. अॅक्रल मेलॅनोमाचा जगातला सगळ्यात प्रसिद्ध रुग्ण म्हणजे जमैकाचा गायक बॉब मार्ली. १९७७ मध्ये त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलॅनोमा सापडला. फुटबॉल खेळताना लागलं असेल असंच आधी वाटलं होतं. ११ मे १९८१ रोजी तो गेला, वय ३६.

आपल्याकडे यात आणखी भर पडते. तळपायावरचा काळा डाग म्हणजे कुरूप, भेगेत साचलेला मळ, काटा मोडून राहिलेला, नखाचं असेल तर नखुरडं, मधुमेह असेल तर ‘शुगरची जखम’. एकेक समजूत एकेक महिना खाते. त्यात ‘तळपायाला तीळ म्हणजे परदेशयोग’ अशी कौतुकाची परंपरा. योग असेल नसेल, तो तीळ एकदा दाखवून घ्या.

तळपायावरची जखम काळी नसली तरी सहा-आठ आठवड्यांत भरत नसेल, तर तिचा तुकडा तपासायला हवा. काही मेलॅनोमांना रंगच नसतो, ते गुलाबी मांसाच्या फोडासारखे दिसतात.

माझ्या तळपायावर लहानपणापासून तीळ आहे. काढून टाकू का?

नुसत्या जागेमुळे काढायची गरज नाही. सावळ्या कातडीच्या लोकांत तळपायावर-तळहातावर साधे तीळ पुष्कळदा असतात. पायाला बूट घासून साध्या तिळाचा कॅन्सर होतो, ही भीतीही मनातून काढा.

इथे डर्मोस्कोप फार उपयोगी पडतो. हे दिव्याचं भिंग असतं, कातडीवर टेकवून आत पाहता येतं. तळपायाची कातडी त्यातून पाहिली तर नांगरलेल्या शेतासारखी दिसते, सरी आणि वरंबे, सरी आणि वरंबे. वरंब्यांच्या माथ्यावर ओळीने पांढरे ठिपके असतात, ती घामाची छिद्रं. साध्या तिळात रंग सहसा सरींमधून बारीक रेषांसारखा गेलेला असतो. मेलॅनोमात तो वरंब्यांवर जाड पट्ट्यांनी बसतो. जपानी त्वचारोगतज्ज्ञांनी हा फरक नेटका मांडला आणि तेव्हापासून तळपायावरचे कित्येक तीळ सुरी लागायच्या आधीच सुटले आहेत. नमुना सरींचा असेल आणि तीळ बदलत नसेल तर तो राहू द्यायला हरकत नसते. वरंब्यांचा असेल तर आकार केवढाही असो, तुकडा काढतात. नमुना स्पष्ट नसेल आणि तीळ ७ मिलिमीटरहून मोठा असेल, तरीही तपासून घेतलेलं बरं.

नखात काळी उभी रेघ आहे. ती काय?

सावळ्या लोकांत अशा रेघा अगदी सर्रास दिसतात, विशेषतः चाळिशीनंतर, आणि त्या एकापेक्षा जास्त नखांत असतात. बी-१२ ची कमतरता, काही औषधं, केमोथेरपी यांमुळेही नखं काळवंडतात. पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ तपासून घ्यायला विसरू नये.

काळजी कधी? एकाच नखात, त्यातही हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यात, मोठेपणी नव्याने रेघ आली असेल. ती ३ मिलिमीटरहून रुंद असेल. मुळाशी जास्त रुंद आणि टोकाशी अरुंद असेल, म्हणजे ती पसरते आहे. तिच्यात दोन-तीन छटा असतील. नख चिरत असेल. आणि काळेपणा नखाच्या कडेच्या कातडीवर उतरला असेल तर त्याच आठवड्यात दाखवा.

मार लागून रक्त साकळलं असेल तर ते नखाबरोबर पुढे सरकतं आणि मुळाशी स्वच्छ नख येऊ लागतं. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्याने किंवा त्याहून कमी. दीड-दोन महिन्यांच्या अंतराने दोन फोटो काढले की डाग हलला की नाही ते कळतं. न हललेला डाग रक्ताचा नसतो.

ए-बी-सी-डी-ई नियम काय आहे? तो पुरेसा आहे का?

न्यूयॉर्क विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८५ मध्ये ए, बी, सी, डी ही चार अक्षरं सुचवली, ई नंतर जोडलं गेलं. ए म्हणजे दोन अर्धे न जुळणं, बी वेडीवाकडी कड, सी एकाहून जास्त रंग, डी ६ मिलिमीटरहून मोठा व्यास आणि ई म्हणजे बदल.

अडचण अशी की अटिपिकल तीळ पहिल्या चार अक्षरांत आरामात बसतो, आणि तरी तो कॅन्सर नसतो. म्हणून पुष्कळ तीळ असलेल्यांना हा नियम नुसता भेदरवतो. माझ्या मते त्यातलं शेवटचं अक्षर सगळ्यात मोलाचं. तीळ कसा आहे यापेक्षा तो सहा महिन्यांपूर्वी कसा होता हे जास्त सांगून जातं.

दुसरी युक्ती फ्रेंच डॉक्टरांनी १९९८ मध्ये मांडली. एका माणसाच्या अंगावरचे तीळ सहसा एकाच घराण्यातले वाटतात. सगळेच मोठे आणि वेडेवाकडे असतील तर ती त्या अंगाची रीत. त्यात एखादाच इतरांशी न जुळणारा असेल, तर आधी तो दाखवायचा. सगळे फिके तपकिरी आणि एकच काळाकुट्ट, किंवा सगळे काळसर आणि एकच गुलाबी. घरच्या माणसालाही हे पटकन दिसतं, त्याला डॉक्टर असावं लागत नाही.

घरी तपासायचं कसं?

महिन्या-दोन महिन्यांतून एकदा, आंघोळीनंतर, चांगल्या उजेडात. रोज बघू नका. रोज बघणाऱ्याला बदल दिसत नाही, नुसती धास्ती वाढते.

पाठ दुसऱ्याकडून बघून घ्या. डोक्यावरची कातडी केस विंचरणाऱ्याला किंवा कापणाऱ्याला दिसते, त्यालाच सांगून ठेवा. पायाची बोटं फाकवून मधली जागा बघा. जोडवी सरकवून त्याखाली बघा. नेलपॉलिश काढून नखं बघा. लग्नसराईत मेंदी आणि आळत्याखाली तळवे आठवडेच्या आठवडे झाकलेले असतात, ते उतरल्यावर एक नजर टाका. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवून त्यावर पाय धरा.

शंकेच्या तिळाशेजारी शाळेची पट्टी धरून मोबाईलवर फोटो काढा. पुढच्या वेळी तीच जागा, तोच उजेड, तीच पट्टी. तोंडी ‘थोडा वाढल्यासारखा वाटतो’ सांगण्यापेक्षा असे दोन फोटो डॉक्टरांना कितीतरी जास्त उपयोगी पडतात.

गालांवर, डोळ्यांखाली काळे बारीक फुगीर ठिपके वाढतायत. हे अटिपिकल तीळ का?

बहुधा तीळच नव्हेत. सावळ्या कातडीत तिशीनंतर असे ठिपके येतात आणि बऱ्याचदा आईला, मावशीलाही असतात. ते कातडीच्या वरच्या थराचे, रंगपेशींचे नव्हेत. त्यांचा कॅन्सर होत नाही. नको असतील तर काढता येतात. मानेवर, काखेत लोंबणाऱ्या मऊ चामखिळीही तशाच निरुपद्रवी.

तिळाला केस आहेत, खाज येते. वाईट का?

केस असणं उलट साध्या तिळाचं लक्षण. खाज एकदा-दोनदा आली तर घाम, लोकर, डास काहीही असेल. एकाच तिळाला सतत खाज आणि जोडीला रक्त, खपली किंवा बदल असेल तर दाखवा.

सुरी किंवा सुई लागली की कॅन्सर पसरतो, मग तीळ कशाला छेडायचा?

ही समजूत घराघरांत आहे आणि तिने माणसं गमावली आहेत. तपासणीसाठी तीळ काढल्याने मेलॅनोमा पसरतो याला आधार नाही. लोकांना असं वाटण्याचं कारण समजण्यासारखं आहे. माणूस फार उशिरा येतो, शस्त्रक्रिया होते, काही महिन्यांत आजार दुसरीकडे दिसतो, आणि दोष सुरीवर जातो. तो आधीच पसरलेला होता.

संशयास्पद तीळ शक्यतो एक-दोन मिलिमीटर कड ठेवून संपूर्ण काढतात. भूल फक्त त्या जागेपुरती, काम अर्ध्या तासाचं, दोन-चार टाके. संपूर्ण काढायचं कारण असं की मेलॅनोमा निघालाच, तर तो कातडीत किती मिलिमीटर खोल गेलाय यावर पुढचे सगळे निर्णय ठरतात. तीळ वरवर खरवडला तर ते माप कायमचं हरवतं.

पार्लरमध्ये किंवा लेझरने तीळ जाळून घेतला तर?

इथे माझा आवाज थोडा चढतो. जाळलेला तीळ तपासता येत नाही. साधा होता तर काही बिघडलं नाही. नव्हता, तर वरचा रंग गेला, आतला आजार राहिला, आणि पुढच्या डॉक्टरला नुसता डाग दिसणार. सपाट, गडद, कडा विरलेला तीळ कुणीही, अगदी डॉक्टरनेही, बघून न बघून लेझरखाली घेऊ नये. चुना-सोडा लावणं, घोड्याचा केस बांधणं, अगरबत्तीने डागणं हे सगळं याच यादीत.

तीळ काढला की तो फॉर्मालिनच्या बाटलीत पडून लॅबकडे गेला का, हे विचारा. ‘फेकून दिला, साधाच होता’ हे उत्तर कुणाहीकडून ऐकून घेऊ नका.

रिपोर्टमध्ये ‘मॉडरेट डिस्प्लासिया, कडेपर्यंत पोचलेला’ असं आहे. पुन्हा ऑपरेशन?

डिस्प्लासिया म्हणजे पेशींचा सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारा वेडेवाकडेपणा. पूर्वी रिपोर्टमध्ये त्याच्या सौम्य, मध्यम आणि तीव्र अशा तीन पायऱ्या लिहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१८ च्या वर्गीकरणात कमी श्रेणी आणि उच्च श्रेणी एवढ्या दोनच ठेवल्या. कारण मधल्या पायऱ्यांवर पॅथॉलॉजिस्टांचं आपसात एकमत होत नसे. तुमच्या लॅबचा रिपोर्ट जुन्या पद्धतीचा असू शकतो.

सौम्य असेल तर काहीच करायचं नाही. तीव्र किंवा उच्च श्रेणीचा आणि काढलेल्या तुकड्याच्या कडेपर्यंत असेल तर सहसा पुन्हा थोडी कड काढतात. खरी चर्चा मधल्या पायरीची. २०१८ मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात असे ४६७ तीळ पाहिले गेले: मध्यम दर्जाचे, सूक्ष्मदर्शकाखाली कडेपर्यंत पोचलेले, पण डोळ्यांना पूर्ण निघालेले आणि पुन्हा न कापलेले. त्या जागी एकालाही मेलॅनोमा झाला नाही. मात्र त्या रुग्णांपैकी सुमारे २३ टक्के लोकांना कातडीवर दुसरीकडे मेलॅनोमा झाला. हे लोक मुळातच जास्त धोक्याचे होते, म्हणून २३ हा आकडा सगळ्यांना लावू नका. पण जखमेच्या कडेवर डोळे लावून उरलेलं अंग विसरायचं नाही, हे त्यातून कळतं.

रिपोर्ट गोंधळात टाकणारा असेल तर स्लाइड आणि पॅराफिन ब्लॉक (मेणात जपलेला तिळाचा तुकडा) मागून घ्या. ते दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येतात. परळच्या टाटा मेमोरियलसारख्या कॅन्सर रुग्णालयांत बाहेरून आलेले ब्लॉक तपासले जातात.

सगळेच तीळ एकदाचे काढून टाकले तर?

उपयोग नाही. बहुतेक मेलॅनोमा कोऱ्या कातडीवर होतात हे वर आलंच. पन्नास व्रण होतील, त्यातले छातीवरचे-खांद्यावरचे कदाचित फुगून राहतील, आणि धोका होता तिथेच राहील. काढायचा तो संशयाचा तीळ, किंवा दिसायला नको वाटतो तो.

घरात कुणाला मेलॅनोमा झाला असेल तर?

डॉक्टरांना पहिल्याच भेटीत सांगा. आई, वडील, भावंडं, मुलं यांत मेलॅनोमा आणि स्वतःच्या अंगावर पन्नासहून जास्त तीळ, त्यात काही अटिपिकल, हे जुळलं की नियमित तपासणी हवीच. काही कुटुंबांत सीडीकेएन-२-ए या जनुकात दोष असतो. त्यातून स्वादुपिंडाच्या कॅन्सरचा धोकाही वाढतो, म्हणून घरातला तो इतिहासही सांगावा.

याच जनुकाचा २००२ चा एक अभ्यास मला फार बोलका वाटतो. दोष तोच, पण वयाच्या ऐंशीपर्यंत मेलॅनोमा होण्याचं प्रमाण युरोपातल्या कुटुंबांत ५८ टक्के, अमेरिकेत ७६ आणि ऑस्ट्रेलियात ९१. ही मुद्दाम निवडलेली, बरेच रुग्ण असलेली कुटुंबं होती. तरी जनुक सारखं असताना जिथे मेलॅनोमा मुळातच जास्त, तिथे त्याचा फटकाही जास्त बसतो, हे त्यात स्वच्छ दिसतं.

सनस्क्रीन लावून फायदा होतो का?

गोऱ्या लोकांत होतो, हे सिद्ध झालं आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडमधल्या नॅम्बोर गावी १,६२१ लोकांवर १९९२ ते १९९६ प्रयोग झाला. अर्ध्यांना रोज सनस्क्रीन लावायला सांगितलं, बाकीच्यांना मर्जीवर सोडलं. पुढे दहा वर्षं लक्ष ठेवलं, तेव्हा रोज लावणाऱ्यांत ११ जणांना नवा मेलॅनोमा झाला होता, इतरांत २२ जणांना.

आपल्या कातडीसाठी एवढा ठाम पुरावा नाही. अटिपिकल तीळ पुष्कळ असतील, वर्ण उजळ असेल किंवा परदेशात उन्हात वावर असेल तर लावावं. शेतावर, रस्त्यावर राबणाऱ्याला लांब बाह्या आणि टोपी-उपरणं जास्त परवडतं आणि टिकतंही. तळपायाच्या मेलॅनोमाला सनस्क्रीनचा काही उपयोग नाही. कातडी तांबूस करणाऱ्या दिव्यांच्या खाटा मात्र कुणीच वापरू नयेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २००९ मध्ये त्यांना तंबाखूच्या गटात टाकलं आहे.

आम्ही मेलबर्नला, न्यू जर्सीला असतो. दरवर्षी स्किन चेक करायला सांगतात. करावं का?

तीळ मोजके आणि घरात इतिहास नसेल तर दरवर्षी हवंच असं नाही. पण तपासणी केलीत तर मोजे काढायला सांगत नाहीत तिथे आपणहून काढा. गोऱ्या रुग्णांची सवय असलेली नजर आधी पाठीवर आणि पायांच्या पोटऱ्यांवर जाते, तळव्यावर जाईलच असं नाही.

गरोदरपणात तीळ बदलतात का?

पोट आणि छाती ताणली जाते म्हणून तिथले तीळ पसरल्यासारखे वाटतात. बाकी ठिकाणचा बदल ‘गरोदरपणामुळे’ म्हणून बाळंतपणानंतरवर ढकलू नये. तिळाची बायॉप्सी गरोदरपणात सुरक्षितपणे करता येते.

मुलांना नवे तीळ येतायत. आणि मला पन्नाशीत एक नवा आलाय.

मुलांत आणि तरुणपणी नवे तीळ येणं अगदी नेहमीचं. तिळाभोवती पांढरं कडं पडून तो हळूहळू विरून जातो, असंही मुलांत होतं आणि ते बहुधा निरुपद्रवी असतं. जन्मतःच असलेला फार मोठा केसाळ डाग, मोठेपणी २० सेंटिमीटरच्या वर जाईल असा, मात्र लहानपणापासून तज्ज्ञांच्या नजरेखाली हवा. तुमचा पन्नाशीतला जास्त महत्त्वाचा. त्या वयात नवा सपाट काळा तीळ आला की दाखवायचा.

मेलॅनोमाच निघाला तर सगळं संपलं का?

खोलीवर अवलंबून आहे. १९७० मध्ये अलेक्झांडर ब्रेस्लो यांनी ही मिलिमीटरमधली खोली मोजायला सुरुवात केली, आजही तीच पहिली विचारतात. १ मिलिमीटरपर्यंतचा असेल तर भोवतालची १ सेंटिमीटर कातडी आणखी काढतात आणि पुष्कळांचे उपचार तिथेच संपतात. खोल असेल तर जवळची लसिकाग्रंथी तपासतात. अमेरिकेत जागच्या जागी सापडलेल्या मेलॅनोमात पाच वर्षं जगण्याचं प्रमाण ९९ टक्क्यांच्या घरात आहे, दूर पसरलेल्यांत ते निम्म्याहूनही कमी. पसरलेल्या आजारावर २०११ पासून इम्युनोथेरपीची, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी, औषधं येत गेली आणि आधी महिन्यांत मोजलेले काही रुग्ण वर्षानुवर्षं ठीक आहेत. औषधं महाग आहेत, सगळ्यांना लागू पडत नाहीत, आणि तळपायाच्या मेलॅनोमात त्यांचा गुण इतर प्रकारांपेक्षा कमी येतो.

काढलेल्या तिळाच्या जागी पुन्हा काळं दिसतंय. परत आला का?

तळाशी राहिलेल्या रंगपेशींतून व्रणाच्या आत पुन्हा रंग भरतो, विशेषतः वरवर खरवडलेला असेल तर. सूक्ष्मदर्शकाखाली असा परतलेला साधा तीळ हुबेहूब मेलॅनोमासारखा दिसू शकतो. म्हणून तो पुन्हा काढायची वेळ आली तर ‘इथे आधी तीळ काढला होता’ हे लॅबच्या कागदावर लिहिलं गेलं पाहिजे आणि जुना रिपोर्ट सोबत गेला पाहिजे. रंग व्रणाच्या रेषेबाहेर गेला असेल, किंवा काढून वर्षं उलटल्यावर उगवला असेल, तर थांबू नका. आणि जुना रिपोर्ट सापडत नसेल तर ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथे आजच फोन करा, जुने ब्लॉक कायमचे जपून ठेवले जातीलच असं नाही.